सोमवारची यादी

सोमवार, ३ नोव्हेंबर

वहीबाई अठ्ठावीस तारखेला निवृत्त होणार. आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावून हे सांगितलं आणि वर विचारलं, "बाईंच्या मागे तुमची यादी एकटी उभी राहील ना?"

मी म्हटलं, "मॅडम, ती आजही एकटीच उभी आहे."

यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना ती सवयच असते.

आमचा दवाखाना बारा खाटांचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की पेशंट एक रात्र वॉर्डात राहतो, सकाळी पट्टी निघते, तो घरी जातो. त्यानंतर आठवड्याच्या आत त्यानं तपासणीला यायचं असतं. लोक येत नाहीत. दिसायला लागलं की डॉक्टरची आठवण कुणाला राहते? म्हणून दर सोमवारी सकाळी मी यादी काढतो: गेल्या सहा आठवड्यांत ऑपरेशन झालेले सगळे, प्रत्येकासमोर तपासणीची तारीख आणि तो आला की नाही. समोरची जागा कोरी असेल त्याला फोन. ही यादी मी स्वतः तयार केली, कुणाकडून शिकून नाही. ताईचं शिलाई मशीन उघडलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तिथून रेडिओ, टाइपरायटर आणि गेली अकरा वर्षं हा दवाखान्याचा संगणक. पदवी नाही. लागलीही नाही.

वहीबाई म्हणजे आमच्या स्वागतकक्षातल्या बाई. छत्तीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर आहेत आणि हातात कायम निळ्या पुठ्ठ्याची वही. मला त्या 'इंजिनियर' म्हणतात. मला ते आवडत नाही असं नाही.

आजच्या यादीत एकोणचाळीस नावं. बाईंनी यादी घेतली, चष्म्यातून वरपासून खालपर्यंत बघितली, "एकोणचाळीस का? बरं," म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. दुपारी नेहमीप्रमाणे तासभर फोनवर. "थेंब घालता ना? मग या की, भेटून खूप दिवस झाले." दर सोमवारी हेच चालतं. एवढे नातेवाईक आणायचे कुठून एका माणसाने? दवाखान्याचा फोन आहे तो.

प्रिंटरचा टोनर संपत आला आहे. अक्षरं फिकी येतात. बदलायला सांगितलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ताईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अठरा मिनिटं. मी बाहेर घड्याळ लावून बसलो होतो.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, म्हणजे मला वाढवलं तिनेच. लग्न केलं नाही. आयुष्यभर कोट शिवले. अजून शिवते. म्हणून तर हे ऑपरेशन. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते हे तिला मान्य नाही.

पट्टी बांधलेल्या अवस्थेत तिचं पहिलं वाक्य: "बारक्या, डॉक्टरीणबाईंच्या कोटाची डावी बाही पाऊण बोट लांब आहे. मी सांगितलं त्यांना."

"ऑपरेशन चालू असताना?"

"मग केव्हा सांगू? तेव्हाच तर एवढी जवळ होती बाही."

वहीबाई स्वतः वॉर्डात येऊन तिच्या उशाशी बसल्या होत्या. दोघी माझ्याबद्दल बोलत असाव्यात, कारण मी आत गेल्यावर थांबल्या.

ताईची तपासणी पुढच्या शुक्रवारी, चौदा तारखेला, अकरा वाजता. मीच तारीख टाकली. मीच तिला आणणार.

सोमवार, १० नोव्हेंबर

आजचा दिवस लिहिताना हात जड झाला आहे, पण लिहितो. या वहीत खोटं लिहायचं नाही हा नियम मीच केला आहे.

बाईंच्या जागी येणाऱ्या नव्या बाई रुजू झाल्या. आधी बँकेत होत्या. कागदावर असेल तेच खरं अशा स्वभावाच्या. मला बरं वाटलं. आपल्या जातकुळीचं कुणीतरी आलं. त्यांनी यादी हातात घेतली आणि विचारलं, "यात आमच्या गल्लीतले पोस्टमन कुठे आहेत? शनिवारी औषधाच्या दुकानात भेटले मला. म्हणाले, ऑपरेशन झालं, तपासणी राहिली आहे. यादीत नाहीत."

मी म्हटलं, "येऊन गेले असतील."

"येऊन गेलेलेही यादीत असतात ना?"

असतात. समोर आल्याची तारीख असते.

वहीबाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "वॉर्डच्या रजिस्टरात किती आहेत ते मोजून तरी बघा, इंजिनियर. सहजच."

मी मोजलं. रजिस्टरात सत्तेचाळीस. यादीखाली बघितलं आणि म्हटलं, "बरोबर आहे. सत्तेचाळीस."

नव्या बाई म्हणाल्या, "हे एक्केचाळीस आहेत."

कागद खिडकीपाशी नेला. एक्केचाळीस. टोनर गेल्या आठवड्यात बदलला म्हणतात, पण नक्कीच जुनाच परत घातला असणार. एकाचा सात दिसतो म्हणजे काय!

सहा माणसं कमी. संगणकात ती आहेत. माझ्या यादीत नाहीत.

वहीबाई चहा घेऊन आल्या, माझ्या टेबलावर ठेवला, दोन बिस्किटं जास्त. "सापडेल," म्हणाल्या. यांना काय कळणार त्यातलं?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सहाही जणांची कुंडली काढली. वय, डोळा, ऑपरेशनची तारीख, फोन नंबर. काहीच सारखं नाही. पोस्टमन आहे, एक निवृत्त मुख्याध्यापिका, दोन सख्खे भाऊ, एक माळी, एक आजी जिचा नंबर नातवाचा आहे.

घरी जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "त्यांना तारीख दिली होती का?"

"कसली?"

"तपासणीची हो. माझ्या दाताच्या वेळी मी तारीख न घेताच घरी आले होते. आठवतं? तुम्ही ओरडलात."

मी आमटी वाढून घेतली. पण मनात आधीच तो विचार घोळत होता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सापडलं! सहाही जण घाईत, तपासणीची तारीख न घेताच घरी गेले होते. काल मला वाटलं होतं तेच.

आता नीट लिहून ठेवतो.

संगणकात दोन तक्ते आहेत. डावा तक्ता ऑपरेशन झालेल्यांचा. उजवा तपासणीच्या तारखांचा. दोन्ही जोडताना मी 'लेफ्ट जॉइन' वापरतो. त्याचा अर्थ असा की डावीकडचा प्रत्येक माणूस येणारच. उजवीकडे त्याच्या नावाची तारीख असेल तर ती शेजारी बसेल, नसेल तर शेजारची जागा कोरी राहील, पण माणूस सुटणार नाही. सगळी खुबी यातच आहे.

मग सुटले कसे? दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की रद्द केलेल्या तारखाही यादीत येतात, एकेक माणूस दोनदोनदा दिसतो, गोंधळ होतो. मी शेवटी एक ओळ वाढवली: जिथे तारीख 'रद्द' नाही तेवढंच दाखव. यादी लगेच स्वच्छ झाली. मला शाबासकीही मिळाली होती.

पण ही ओळ शेवटी, म्हणजे दोन्ही तक्ते जोडून झाल्यावर, दारावरच्या पहारेकऱ्यासारखी उभी आहे. येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "तुझी तारीख रद्द नाही ना?" ज्याच्यासमोर जागाच कोरी आहे तो काय उत्तर देणार? हो नाही आणि नाहीही नाही. संगणकाच्या लेखी ते 'माहीत नाही', आणि 'माहीत नाही'वाल्याला तो आत सोडत नाही.

म्हणजे ज्यांना फोन करायची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच बाहेर. दोन वर्षं.

हे शेवटचे दोन शब्द लिहिल्यावर पेन खाली ठेवून गच्चीत जाऊन आलो. दोन वर्षांत अशी किती माणसं? पण मग कुणाचाच डोळा कसा गेला नाही? कुणाची तक्रार कशी नाही? नशीब म्हणायचं. दुसरं काय?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

उपाय सोपा. पहारेकऱ्याला सांगितलं: 'रद्द नाही' त्याला सोड, *किंवा* ज्याची जागा कोरी आहे त्यालाही सोड. एक ओळ. रजिस्टरात सत्तेचाळीस, यादीत सत्तेचाळीस. तीनदा मोजलं, भिंगातून.

उद्या अकराला डॉक्टरीणबाईंना दाखवणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास शांतपणे ऐकून घेतलं, शेवटी "छान" म्हणाल्या. ठरलं असं की परीक्षा म्हणून पुढचा सोमवार फक्त यादीवर काढायचा. वहीबाई आपल्या शिल्लक रजेवर जातील, वहीसकट, बुधवारपर्यंत. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "नक्की ना, इंजिनियर?" मी म्हटलं, "बाई, निर्धास्त जा."

ताईची तपासणीही अकरालाच होती. ती मी सकाळी रद्द करून टाकली. ही म्हणाली होती, "मी आणते की ताईंना." मी म्हटलं, नको, ताईला आणायचं काम माझं. ताईला फोन केला.

"बारक्या, थेंबांची बाटली आज संपली रे."

"तपासणीत दुसरी देतील. सोमवारी यादी निघाली की दवाखान्यातून तुला फोन येईल, नवी तारीख मिळेल. तोवर शांत बस, मशीनवर बसू नकोस."

"फोन नक्की येईल ना?"

"ताई, यादी कुणी काढली आहे?"

"तू काढली आहेस म्हणून तर विचारते," म्हणाली, आणि हसली. तिच्या हसण्याचा आवाज शिलाई मशीनसारखा आहे. एकदा सुरू झालं की पायडलवरून पाय काढेपर्यंत थांबत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पन्नास नावं. नव्या बाईंनी एकटीने सगळे फोन केले. पोस्टमन आजच येऊन गेला. मुख्याध्यापिका उद्या येणार. दोघे भाऊ एकमेकांवर ढकलत होते, नव्या बाईंनी दोघांना एकच वेळ दिली. सख्ख्या आजीला आणायचं नातवानं कबूल केलं. एकही माणूस सुटला नाही, असं आज मी छातीठोकपणे लिहू शकतो.

रजिस्टर मोजलं नाही. गुरुवारी तीनदा मोजलं होतं. विश्वास म्हणून काही असतो की नाही?

बुधवार, १९ नोव्हेंबर

ही म्हणाली, "ताईंचा फोन आला होता. डोळ्यात खुपतंय म्हणाल्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, तुम्ही कामात आहात म्हणून."

"मग सांगितलंस कशाला?"

"म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, सोमवारी सगळ्यांना फोन गेले आहेत, तिलाही गेला असेल, ती विसरली असेल. जरा खुपतंच पहिले पंधरा दिवस. हिने ताट जरा जोरात ठेवलं, इतकंच.

दिवाणखान्यातला दिवा बदलायला हवा. पुस्तक हाताभर लांब धरलं तरी ओळी एकमेकींत शिरतात.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमानेच लिहितो. क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

९.०५. वहीबाई रजेवरून आल्या. खुर्चीवर बसायच्या आधी वही उघडली. आमची यादी शेजारी ठेवली. बोट फिरवत गेल्या.

९.२०. माझ्या टेबलाशी आल्या. आज 'इंजिनियर' म्हणाल्या नाहीत. "भाऊ, ताई तपासणीला आल्या का?"

"त्यांना फोन गेला असेल."

"तुमच्या यादीत त्यांचं नाव नाही."

मी नव्या बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "यादीत असतं तर मी फोन केला असता." बरोबरच होतं. त्यात त्यांची काही चूक नाही.

९.२५. मी पडद्यावर ताईचं नाव शोधत बसलो. शोधत बसलो! वहीबाईंनी मात्र पर्स उचलली, फोनवर हिला म्हणाल्या, "वहिनी, खाली उतरा, मी टॅक्सी घेऊन येते," आणि गेल्या. हिचा नंबर त्यांच्याकडे कसा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

१०.१०. दोघी ताईला धरून घेऊन आल्या. डोळा लालभडक. पापणी मिटलेली. तरी मला बघून म्हणाली, "बारक्या, तोंड असं का केलं आहेस? मी फोनची वाट बघत होते. तू म्हणाला होतास ना, येईल म्हणून."

१०.५०. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. थेंब मध्येच बंद झाल्याने डोळ्याच्या आत सूज आली आहे. दर तासाला जोरदार थेंब, दोन रात्री वॉर्डात. डोळा वाचेल. मी विचारलं, आणखी दोन दिवस गेले असते तर? त्या म्हणाल्या, "तो प्रश्न आज नको."

सव्वाअकरा ते दीड मी जिन्यात बसलो होतो.

दीड वाजता वहीबाई जिन्यात आल्या, एक पायरी वर बसल्या. मग मीच म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. प्रत्येक सोमवारचं एक पान. वर दोन आकडे: रजिस्टर किती, यादी किती. खाली यादीत नसलेल्यांची नावं, फोन नंबर आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. दोन वर्षं, एक सोमवार चुकलेला नाही. हा गेला सोमवार सोडून.

म्हणजे ते दुपारचे फोन. ते 'नातेवाईक'.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं की. पहिल्याच सोमवारी."

"मग मी काय म्हणालो?"

"आता काय करायचंय? पोरं शाळेत असताना असं बोलतातच."

मी छपन्न वर्षांचा आहे.

घरी येऊन दोन वर्षांपूर्वीची दैनंदिनी काढली. त्या आठवड्यात लिहिलं आहे: *आज वहीबाई म्हणाल्या, यादीत चार नावं कमी वाटतात. मी म्हटलं, बाई, यंत्र चुकत नाही, वही चुकते.* खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. पट्टीने.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी सातपासून ताईच्या खाटेशी. दर तासाचे थेंब मी घालतो. नर्सने पहिले दोन बघितले आणि मग मला घालू दिले.

सूज उतरते आहे.

ताई म्हणाली, "आता सांग, माझं नाव का गळलं? घरच्या माणसाचं नाव गळतं म्हणजे काय?"

मी सांगितलं. तारीखच नाही त्याची जागा कोरी. त्याला मी 'किंवा' म्हणून आत घेतलं होतं. पण ताईला तारीख होती. एकच, आणि ती मी रद्द केली. वहीबाई एक तारीख रद्द करताना दुसरी दिल्याशिवाय फोन ठेवत नाहीत, म्हणून आजवर असा माणूसच नव्हता ज्याच्याकडे फक्त एक रद्द तारीख आहे. मी ठेवला फोन. मग जोडणी करताना ताईच्या शेजारी ती रद्द तारीख येऊन बसली, जागा कोरी राहिली नाही, आणि दारावरच्या पहारेकऱ्याने रद्द बघून तारखेबरोबर ताईलाही हाकललं.

ताई डोळे मिटून ऐकत होती. "म्हणजे बघ," म्हणाली, "दहा कोट खुंट्यांना लावले आहेत. प्रत्येकाला बटण शोधायचं आहे. फुटकं बटण नको. तू काय करतोस, आधी डब्यातलं हाताला येईल ते बटण लावतोस, मग कोट तपासतोस आणि बटण फुटकं निघालं की अख्खा कोट फेकतोस. अरे, फुटकं बटण डब्यातून उचलूच नकोस. कोट राहील की खुंटीला, बिनबटणाचा. दिसेल तरी, याला बटण नाही म्हणून."

मी तिला म्हटलं, तू बोलू नकोस, डोळ्याला ताण पडतो. आणि अगदी त्याच वेळी मला एकदम सुचलं! अट दारावर ठेवायचीच नाही. जोडतानाच सांगायचं: उजव्या तक्त्यातून रद्द तारीख उचलूच नकोस. जोडणी सांगतो त्या 'ऑन'मध्ये ती ओळ घालायची, शेवटी पहारेकरी उभा असतो त्या 'व्हेअर'मधून काढायची. मग डावीकडचा माणूस जागचा हलत नाही. फार तर त्याच्या शेजारची जागा कोरी राहते.

ओळ तीच. शब्दही तेच. फक्त जागा बदलली.

अकराचे थेंब घालून खाली पळालो. रजिस्टर एक्कावन्न, यादी एक्कावन्न. सत्ताविसावं नाव ताईचं, समोर कोरं. कोऱ्या जागेकडे बघून डोळे भरून येतील असं कधी वाटलं नव्हतं. बाराचे थेंब चुकले नाहीत.

सोमवार, २४ नोव्हेंबर

ताई शनिवारी घरी गेली. आज तपासणीला मी तिला आणलं. डोळा स्वच्छ. डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही आखूड झालेली आहे. कधी आणि कुणी केली, विचारू नये.

यादी काढली. मग स्वतः वहीबाईंच्या टेबलाशी गेलो आणि म्हटलं, "बाई, वही काढा. मोजू या."

नव्या बाईंनी रजिस्टर धरलं, वहीबाईंनी वही, मी यादी. तिघांनी एकेक नाव वाचलं. रजिस्टर एकोणपन्नास. यादी एकोणपन्नास.

वही पन्नास.

मी यादी उलटून मागची बाजू बघितली. "अजून कोण?"

"शोधा की, इंजिनियर. तुमच्याकडे संगणक आहे."

शोधलं. रद्द तारखा बघितल्या, कोऱ्या जागा बघितल्या, दोन तारखावाले बघितले. काही नाही. डावा तक्ता पूर्ण येतोच आहे, मग पन्नासावा माणूस कुठून? शेवटी म्हटलं, "बाई, हा माणूस माझ्या डाव्या तक्त्यातच नसणार. जो तिथेच नाही त्याला कुठलीही जोडणी आणू शकत नाही."

"तेच म्हणते मी," म्हणाल्या आणि वही माझ्यापुढे सरकवली. "वाचा."

मी वही लांब धरली. मग खिडकीपाशी नेली. मग आणखी लांब.

ताई बाकावरून म्हणाली, "कुणीतरी त्याचे हात लांब करा गं!"

नव्या बाईंनी वाचून दाखवलं. माझं नाव होतं. पुढे वहीबाईंच्या अक्षरात: *टोनर तीनदा बदलून झाला. दिवा दोनदा. घरून फोन: पुस्तक हाताभर लांब. केस पेपर काढलेला नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही.*

"घरून फोन कुणाचा?" मी विचारलं.

सगळ्यांनी वेगवेगळीकडे बघितलं.

केस पेपर नव्या बाईंनी तिथल्या तिथे काढला. गुरुवार, चार वाजता. ताई म्हणाली, "मी घेऊन येईन त्याला. आणि ही तारीख रद्द करायची असेल तर आधी मला विचारायचं."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आहेत म्हणून अक्षर एवढं मोठं येतं आहे. पान लवकर भरेल.

जवळचा चष्मा लागला. तो पाच वर्षांपूर्वीच लागायला हवा होता म्हणे. आणि दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलेला आहे. त्याने काही दुखत नाही, काही कळत नाही, हळूहळू कडेकडेने दिसायचं कमी होत जातं. अजून काही गेलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब, कायमचे.

मी विचारलं, "मॅडम, आणखी दोन वर्षं गेली असती तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोही प्रश्न आज नको."

बाहेर ताई आणि ही शेजारीशेजारी बसल्या होत्या. ताईने एका झटक्यात सुईत दोरा ओवला, मला दाखवायला म्हणून. मला दिसला नाही. तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण तिथेच शिवलं. लोंबत होतं म्हणे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बाईंचा शेवटचा दिवस. डॉक्टरीणबाई बोलल्या, नव्या बाई रडल्या. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी कागद आणला होता, पण चष्मा मंगळवारी मिळणार. तोंडानेच म्हटलं, "यंत्र चुकलं होतं. वही चुकली नव्हती." एवढंच आठवलं, खाली बसलो.

निघताना मी म्हटलं, "बाई, ती निळी वही इथे ठेवून जा. संदर्भाला."

"वही? छे हो. वही माझी आहे." पर्समध्ये घातली. "सोमवारी दहाला मी फोन करीन. आकडा सांगायचा."

मी म्हटलं, त्यांना घरी करमणार नाही, तर करू देत फोन. माझी काही हरकत नाही.

सोमवार, १ डिसेंबर

दहाला फोन वाजला. नव्या बाईंनी न उचलता माझ्याकडे बोट दाखवलं.

"किती?"

"बावन्न."

"रजिस्टर?"

"बावन्न. दोनदा मोजलं."

"भिंगातून?"

"भिंगातून."

"आणि त्रेपन्नावे? सकाळचे थेंब घातले का?"

"घातले की," मी म्हटलं, फोन ठेवला, आणि खिशातून बाटली काढून, मान मागे करून, आधी उजव्यात आणि मग डाव्यात, घातले.